पार्सल कणकवलीला पोचलंय

बाबांच्या कानामागच्या मशीनला तेरा नंबरचा सेल लागतो. हरभऱ्याच्या डाळीएवढा, वर नारंगी चिकटपट्टी असलेला. एका कार्डावर असे सहा. पट्टी ओढून काढली की सेलच्या बारीक भोकातून हवा आत शिरते, आतल्या जस्ताशी तिचा संयोग होतो आणि वीज सुरू होते. म्हणून पट्टी काढल्यावर मिनिटभर थांबायचं आणि मगच सेल मशीनमध्ये घालायचा. एकदा सुरू झालेला सेल पुन्हा बंद करता येत नाही. पट्टी परत लावा, डबीत घालून कपाटात ठेवा, तो आपला संपत जातो. कुडाळच्या बाजारात हे सेल कधी मिळतात, कधी नाही, आणि मिळाले तर तारीख उलटायला आलेले. म्हणून आम्ही ते ऑनलाइन मागवतो. यंदा आषाढात मागवले.

पुढे वाट बघणं आलं. ते बाबांनी माझ्यापेक्षा शिस्तीत केलं. शेवटचा सेल मशीनमध्ये गेल्यावर त्यांनी ऐकायच्या वेळाच ठरवून टाकल्या. संध्याकाळी सातच्या बातम्या आणि त्यानंतर डोंबिवलीहून येणारा माझ्या भावाचा फोन, एवढ्यापुरतं मशीन कानात. बाकीच्या वेळी मशीनचं छोटं दार उघडून ते खिडकीतल्या डबीत. दिवसभरात कुणाला काही सांगायचं असेल तर पाटीवर लिहायचं. माळ्यावरून माझी शाळेतली पाटी त्यांनीच शोधून काढली. वाडीतल्या बायका ओटीवर बसून पाटीवर गप्पा मारू लागल्या. एका काकींनी त्यांची गाय कशी अडली, डॉक्टर कसा उशिरा आला, वासरू कसं वाचलं हे सगळं लिहून सांगितलं, मधे मधे पदराने पुसत. बाबा एकेक ओळ मोठ्याने वाचायचे, मग त्यावर प्रश्न विचारायचे, मग काकी पुन्हा लिहायला घ्यायच्या. त्यांच्या घरात त्यांचं बोलणं इतकं लक्ष देऊन कुणी ऐकत नसेल.

इकडे पार्सल निघालं होतं. भिवंडीच्या गोदामातून सुटलं, मग पुणे, मग कोल्हापूर, मग कणकवली. कणकवलीहून कुडाळ पस्तीसेक किलोमीटर, सगळा हमरस्ता, तासाभराचं काम. मी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘पार्सल कणकवलीला पोचलंय.’ बाबा खूश झाले. त्या रात्री बातम्या आणि फोन झाल्यावरही त्यांनी मशीन काढलं नाही, रेडिओवरचं भजन पूर्ण ऐकलं. उद्या सेल येणारच होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाइलवर बघितलं तर पार्सल कोल्हापूरला. मी पाटीवर तसं लिहिलं. बाबांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं आणि विचारलं, “थय काय विसारला काय ता?”

हसू आलं, पण वाईटही वाटलं, कारण शेवटच्या सेलातला बराच जीव त्यांनी आदल्या रात्रीच्या भजनावर खर्च केला होता.

पार्सल घाट उतरून पुन्हा घाट का चढलं, याचं एक कारण मला पिनकोडात सापडतं. आमच्या पिनकोडचे पहिले तीन आकडे ४१६. कोल्हापूरचे ४१६, सांगलीचेही ४१६. रत्नागिरी जिल्ह्याचा बराचसा भाग साताऱ्याबरोबर ४१५ मध्ये येतो, पण लांजा-राजापूरपासून खाली सावंतवाडी-दोडामार्गपर्यंतचं सगळं तळकोकण कोल्हापूर-सांगलीच्या पंगतीत बसतं. सहा आकड्यांच्या या रचनेत पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपाल निवडण्याचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. हा जिल्हा सरकारी नकाशावरचा नव्हे, टपाल खात्याचा. आमचा सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली झाला आणि पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, म्हणजे आकडे आमच्या जिल्ह्याहून जुने.

ते आकडे देशाला देणारा माणूस मराठी होता आणि मूळचा आमच्या कोकणातला होता, याचा मला फार अभिमान आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यात वरिष्ठ अधिकारी होते आणि संस्कृतचे मोठे पंडित आणि कवीही होते. एकाच नावाची गावं, निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते, अर्धवट पत्ते या गोंधळातून वाट काढायला त्यांनी ही पद्धत बसवली. महाराष्ट्रात वडगाव किती आणि पिंपळगाव किती याचा हिशेब ज्याने कधी केला असेल त्याला या माणसाचे उपकार कळतील. खाजगी कुरियरवाल्यांची गोदामं स्वतःची, गाड्या स्वतःच्या, पण पार्सलावरचा जो आकडा त्यांचं मशीन वाचतं तो वेलणकरांचाच.

पण कागदावर कोल्हापूर आणि कुडाळ शेजारी असले तरी मध्ये सह्याद्री उभा आहे. उतरायला आंबोली, फोंडा, करूळ, भुईबावडा असे मोजके घाट. आंबोलीत वर्षाला सरासरी ७००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एखादी दरड आली की ट्रक वरच्या वर थांबतात. करूळ घाट २०२४ च्या जानेवारीत रस्त्याच्या कामासाठी बंद झाला, तो वर्ष उलटलं तरी नीट चालू झाला नव्हता. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय आणि त्या वर्षी जन्मलेली पोरं आता दहावीच्या आसपास आलीत. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली तेव्हा वाडीतल्या म्हाताऱ्यांनी हात जोडले होते, पण तिलाही पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक लागतं, आणि पुढचं दिसत नाही असा पाऊस असला तर चाळीसच्या वेगाने चालवायचा हुकूम असतो. ते बरोबरच आहे. माणसं सुखरूप पोचली पाहिजेत.

सांगायचं ते हे की, उशीर आम्हाला नवा नाही आणि उशिराचा आम्हाला रागही नाही. तळकोकणातलं प्रत्येक घर वाट बघण्यात तयार झालेलं आहे. माझे आजोबा मुंबईत गिरणीत होते. आजी इथे. महिन्याच्या मध्यावर मनीऑर्डर यायची. ही सोय या देशात १८८० साली सुरू झाली आणि २०१५ मध्ये तिचं जुनं रूप बंद पडलं. मधल्या काळात चाकरमान्यांच्या घामाचा पैसा तिच्यातूनच कोकणात उतरला. पोस्टमन ओटीवर बसायचा, पाणी प्यायचा, नोटा आजीच्या हातावर मोजायचा, ती अंगठा करायची. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर आजोबांच्या दोन ओळी असत, त्याही तोच वाचून दाखवायचा. ‘तब्येत सांभाळणे. पाडसाला दूध पाजणे.’ पाडस म्हणजे माझे बाबा.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले आणि मनीऑर्डरी आटल्या. तेव्हाचं एक चित्र आमच्या घरात अजून सांगितलं जातं. पोस्टमन खालच्या वळणावर दिसायचा. आजी ओटीवर उभी असायची. तिला घरापर्यंत आस लागू नये म्हणून तो वळणावरूनच हात वर करून आडवा हलवायचा. आज नाही. मग सायकल तशीच पुढे. आजी आत जाऊन कामाला लागायची. कधी तो मुद्दाम थांबायचा आणि सांगायचा की परळच्या कुणाकुणाचं पत्र आलंय, तुमचे धनी बरे आहेत. पैसा आला नाही, पण खबर आली. आजी त्या माणसाला शेवटपर्यंत दिवाळीला करंज्या द्यायची.

तशीच एस.टी.च्या १ जून १९४८ ला सुटलेल्या पहिल्या गाडीपासून आजवर या गाड्यांनी माणसांबरोबर किती जिन्नस वाहिले असतील! आमच्याकडे तर रात्रीच्या मुंबई गाडीत वस्तू देणं हाच कुरियर. आंब्याची पेटी, कोकमं, कुळथाचं पीठ, कुणाची विसरलेली औषधं. गाडीचा नंबर वहीत लिहून घ्यायचा, पावती फाडायची, ड्रायव्हरला हाक मारून सांगायचं, आणि मुंबईला फोन. सकाळी परळला भाऊ उभा. गाडीला उशीर झाला तर तोही थांबलेला, कारण गाडी कुठल्या घाटात अडकलीय हे डेपोत विचारलं की कळायचं. आंब्याच्या पेटीला तर पंचांगासारखी वेळ साधावी लागते. आढीतून काढलेलं फळ किती दिवसांनी खायला येईल त्या अंदाजाने भरायचं, गवत घालून, देठ कसे ठेवायचे ते बघून. पेटी पोचायला उशीर झाला तर पत्ता काळ्या पडलेल्या सालीवरून लागायचा. तरी त्या कंडक्टरवर कुणी कधी चिडलेलं मला आठवत नाही. तो समोर होता. त्याला विचारता येत होतं.

आता मला रोज मोबाइलवर पाच-सहा ओळी दिसतात. इन ट्रान्झिट, रिच्ड हब, आउट फॉर डिलिव्हरी. वेळेसकट, मिनिटासकट. पण ‘का’ विचारायला माणूस नाही. ग्राहक सेवेच्या नंबरावर एक मुलगी अगदी गोड बोलली, खेद व्यक्त केला, पार्सल लवकरच पोचेल म्हणाली. मी म्हटलं, बाळा, ते कोल्हापूरला परत गेलंय. ती म्हणाली, हो मॅडम, कोल्हापूर तुमच्या जवळच आहे ना? कुठल्या तरी शहरात खुर्चीवर बसलेल्या त्या पोरीच्या पुढ्यातही ४१६ हाच आकडा होता. तिला बोलून काय होणार. पण असा संताप आला की फोन ठेवून मी विहिरीवर जाऊन पाणी काढत बसले, नळाला पाणी असताना.

श्रावण लागला, आणि बाबांचं मशीन बंद पडलं. बातम्या ते बातमीदाराच्या तोंडाकडे बघून ओळखू लागले. भावाचा फोन मी घ्यायचा, पाटीवर लिहायचा, त्यांचं उत्तर फोनवर सांगायचं. आणि अशात एके संध्याकाळी मोबाइलवर हिरवं अक्षर उमटलं. डिलिव्हर्ड. घेणारा, स्वतः.

बाबा समोर खुर्चीत बसले होते. दिवसभर कुणी आलं नव्हतं. साकवावर, वाडीत यायच्या छोट्या पुलावर, पाणी होतं.

मी शोधायला निघाले ती पोस्टात. पार्सल पोस्टाचं नव्हतं, पण वाडीत काही हरवलं की माणूस आधी तिथेच जातो. आमचं पोस्ट म्हणजे पोस्टमास्तरांच्याच घराची एक खोली. ब्रँच पोस्ट ऑफिसला जागा पोस्टमास्तरानेच द्यायची असते. ते ग्रामीण डाक सेवक, सरकारी हिशेबात दिवसाचे चार-पाच तास कामाचे, पण रात्री आठला हाक मारली तरी कंदील घेऊन बाहेर येणारे. त्यांना मी नुसतं सांगितलं की बाबांच्या नावाचं पार्सल पोचलं म्हणून दाखवतंय आणि घरी नाही. त्यांनी क्षणभर विचार केला.

“बाय, नावात बापाचा नाव लिवलेला काय?”

नव्हतं. फॉर्ममध्ये खणच दोन होते, नाव आणि आडनाव. आमच्या वाडीत सगळ्यांचं आडनाव एक. बाबांच्या नावाचे आणखी एक गृहस्थ खालच्या वाडीत. माणूस ओळखू येतो तो मधल्या, बापाच्या नावावरून, आणि घराच्या नावावरून, वरचं घर की खालचं घर. महाराष्ट्रात बापाच्या नावाशिवाय कुणी रेशनकार्डसुद्धा करत नाही. मग आमच्याकडे धंदा करायला येणाऱ्यांच्या फॉर्मात तिसरा खण का नसावा? पत्त्यात फ्लॅट नंबर सक्तीचा, बिल्डिंगचं नाव सक्तीचं. मी तिथे ‘साकवाच्या पलीकडे’ असं लिहिते आणि तो फॉर्म ते मुकाट घेतो. हे मी कंपनीला दोनदा कळवलंय आणि पुन्हा कळवणार आहे.

“ता खालच्या वाडीत दिल्यान आसतला,” मास्तर म्हणाले. “नेहमीचो पोरगो रजेर आसा. बघ जावन.”

खालच्या वाडीतले ते गृहस्थ मुलाकडे विरारला गेलेले. घरात त्यांच्या म्हाताऱ्या काकी एकट्या. पार्सल त्यांनीच घेतलं होतं, उघडलंही होतं, आणि देवघरातल्या फळीवर, अंगाऱ्याच्या डबीशेजारी नीट ठेवलं होतं. मला बघून त्यांना फार बरं वाटलं.

“झिलान औषधा धाडल्यान,” त्या म्हणाल्या. “खयची गोळी कधी घेवची ता विचारूक फोन लावतंय, तर लागणाच नाय.”

गोल कार्डावर सहा चकचकीत गोळ्या, प्रत्येकीवर नारंगी पट्टी. कुणालाही औषधच वाटेल. माझ्या अंगावर काटा आला. हे बटन सेल पोटात गेले तर आतून जाळू शकतात. काकींनी गोळी घेतली नाही ती केवळ रेंज नव्हती म्हणून, आणि मुलाला विचारल्याशिवाय औषध घ्यायचं नाही हा त्यांचा जुना नेम म्हणून. मी त्यांच्या हातात हात घेऊन सगळं समजावलं. त्या घाबरल्या नाहीत. हसत सुटल्या. मग त्यांनी एका कार्डावरची एक पट्टी दाखवली, अर्धी उचकटलेली. रंग बघायला म्हणून त्यांनी ती सोलली होती. तो सेल आम्ही पहिला वापरला.

परत येताना मी पोस्टावरून आले. मास्तर वाट बघत उभेच होते. दुसऱ्याच कंपनीचं पार्सल, त्यांचा त्यात एक पैशाचा संबंध नाही. २०२५ च्या मे महिन्यात टपाल खात्याने डिजिपिन आणला. देशाची सगळी जमीन साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनांत वाटून प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-आकड्यांचा संकेत दिलाय. आमच्या ओटीचा एक संकेत, गोठ्याचा दुसरा. मास्तरांनी उत्साहाने वाडीतल्या घराघरांचे काढून वहीत लिहून ठेवलेत. मला ही कल्पना मनापासून आवडते. डोंगरातल्या घराला नकाशावर जागा मिळाली, रात्रीबेरात्री रुग्णवाहिकेला उपयोगी पडेल. पण कुठल्या काकी एकट्या आहेत आणि त्या आलेली वस्तू देवघरात ठेवतात, हे त्या चौकोनात नाही, मास्तरांच्या डोक्यात आहे. ग्रामीण डाक सेवकांना पूर्ण वेळचा पगार आणि पेन्शन मिळायला हवी, असं मी ज्याला त्याला सांगते. इथेही सांगते.

वाडीत पार्सलांच्या कहाण्या आता इतक्या झाल्यात की भजनाच्या मधल्या चहाला त्याच चालतात. एकाने काजूची बाग साफ करायला गवत कापायचं मशीन मागवलं, ते काजू वेचून झाल्यावर आलं. एकीच्या साडीऐवजी आली पोहण्याची टोपी, ती आता पावसात गुरांमागे जाणारा तिचा मुलगा घालतो, आणि खरंच कामाला येते. पण सगळ्यांत वरचढ गोष्ट गणपतीतली.

मधल्या घरातल्या पोरांनी वर्गणी काढून मखराला रोषणाईच्या माळा मागवल्या. रिमोटवाल्या, रंग बदलणाऱ्या. चतुर्थीच्या बऱ्याच आधी मागवल्या होत्या. पोरं रोज फाट्यावर. चतुर्थी आली, माळा कणकवलीत. त्यांचा गणपती पाच दिवसांचा. गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधली, तिला हरणं, कवंडळं, शेरवडं अशी रानातली फुलं-फळं-पानं टांगली, जुन्याच बल्बांवर आरास केली, आणि दर आरतीनंतर एकजण डोंगरावर जाऊन रेंज पकडून बघून यायचा. गौरी आल्या, माळा कणकवलीत. गौरी-गणपती गेले. विसर्जन करून ओले कपडे घेऊन पोरं वर येतायत तोच फाट्यावरून हाक आली. माळा आल्या.

लहानगा एक तर रडायलाच लागला. तेव्हा त्याच्या आजोबांनी तोडगा काढला. वाडीतल्या एका घराचा गणपती एकवीस दिवस असतो. खोका न फोडता तसाच तिकडे नेला. त्या घरच्यांनी सगळ्या पोरांना माटवीखाली बसवून माळा लावायला दिल्या, रिमोट त्या लहानग्याच्या हातात. एकविसाव्या दिवसापर्यंत वाडीतलं भजन रोज त्याच घरात झालं. यंदा त्या माळा आधीपासून घरात आहेत, आणि पोरांनी ठरवलंय की पाच दिवस आपल्याकडे लावायच्या आणि पुढे एकवीस दिवसांच्या घरी न्यायच्या.

पार्सल आणणाऱ्या आमच्या नेहमीच्या पोरावर मात्र कुणी रागावू नये. तो शेजारच्या गावचा, विशीतला. पार्सलामागे पैसे मिळतात, पेट्रोल त्याचं, पडला-झडला तर दवाखानाही त्याचाच. “ताई, फाट्यार येवा, साकवावरसून गाडी येवची नाय,” असा त्याचा फोन येतो तेव्हा तो खरंच बोलत असतो. फाट्यावरच्या दुकानदाराने त्याला एक फळी मोकळी करून दिलीय. वरच्या वाडीचं डावीकडे, खालच्या वाडीचं उजवीकडे, आणि सेलांच्या प्रकरणानंतर पार्सलावर तो खडूने बापाचं नाव लिहितो. विचारून, खात्री करून. सेलांचा नवा खोका मला तिथेच मिळतो.

मागच्या आठवड्यात तो आणायला गेले तर पोरगा दुकानात नुसता उभा. फळीवर एक जास्तीचं पार्सल. त्याने आईसाठी गुडघ्याचा पट्टा मागवला होता, आणि पत्ता या दुकानाचा दिला होता.

“घराकडेच मागवायचा ना,” मी म्हटलं.

“आमच्या गावाक आमचीच कंपनी येणा नाय, ताई,” तो म्हणाला.

आता पार्सल त्याचं, आणणारा तोच, आणि ओटीपी आलेला त्याच्याच फोनवर. पण फाट्यावर रेंज नाही. तो भर पावसात टेकाडावर चढला, आकडे तळहातावर पेनाने लिहून घेऊन खाली आला, कंपनीच्या फोनमध्ये घातले. ते मान्य झाले. मग त्याने पार्सल छातीशी धरलं, दुकानाच्या पायरीवर ताठ उभा राहिला आणि फोन माझ्या हातात दिला.

“फोटो काढा,” तो म्हणाला. “गिरायक भेटल्याचो पुरावो लागता.”